हार्लेम रेनेसान्स : पैसे कोण भरत होतं?

जुनीवही

हार्लेम रेनेसान्स म्हणजे १९२०च्या दशकात न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत काळ्या लेखक-कलावंतांच्या कामाला आलेला बहर. त्याबद्दल मराठीत जे थोडंफार वाचायला मिळतं ते साधारण एकाच चालीवर असतं. दक्षिणेतला छळ, उत्तरेकडे स्थलांतर, जाझ, लँग्स्टन ह्यूजच्या दोन कविता, आणि तिथून थेट मार्टिन ल्यूथर किंग. मला मात्र वाचताना सारखा एक हिशेबी प्रश्न पडतो. हे सगळं चालत कशावर होतं? मासिकाला कागद लागतो, पुतळ्याला ब्राँझ लागतं, आणि हार्लेममधल्या काळ्या भाडेकरूला गोऱ्यापेक्षा जास्त भाडं मोजावं लागत होतं. मग लिहायला निवांतपणा कुठून आला?

पार्श्वभूमी थोडक्यात. पहिल्या महायुद्धात युरोपातून येणारे मजूर थांबले, उत्तरेतल्या कारखान्यांना माणसं हवी झाली. दक्षिणेत खंडाने शेती करून कर्जात रुतलेली, झुंडबळींच्या दहशतीत जगणारी काळी कुटुंबं गाडीत बसली. हार्लेम मुळात गोऱ्या मध्यमवर्गासाठी बांधलं होतं. बिल्डरांनी गरजेपेक्षा जास्त इमारती उठवल्या, त्या रिकाम्या राहिल्या, आणि फिलिप पेटनसारख्या काळ्या दलालांनी १९०४च्या सुमारास तिथे आपली माणसं भरायला सुरुवात केली.

आता मासिकं. ‘द क्रायसिस’ १९१०पासून निघत होतं, संपादक डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस, काळ्यांच्या हक्कांसाठी लढणारे विचारवंत. ‘ऑपॉर्च्युनिटी’ १९२३ला सुरू झालं, संपादक चार्ल्स जॉन्सन, पेशाने समाजशास्त्रज्ञ. हा जॉन्सन फार धोरणी माणूस. २१ मार्च १९२४ला त्याने न्यूयॉर्कच्या सिव्हिक क्लबमध्ये एक जेवण ठेवलं. निमित्त जेसी फॉसेटच्या पहिल्या कादंबरीचं, पण आमंत्रणं गेली गोऱ्या संपादकांना आणि प्रकाशकांना. तरुण काळे लेखक एका बाजूला, छापणारे दुसऱ्या बाजूला, मधे जेवण. त्या संध्याकाळीच ‘सर्व्हे ग्राफिक’ मासिकाच्या संपादकाने आख्खा अंक देऊ केला. तो मार्च १९२५मध्ये आला, तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक अॅलन लॉक यांच्या संपादनाखाली, आणि वर्ष संपायच्या आत त्याचं पुस्तक झालं, ‘द न्यू निग्रो’. म्हणजे ज्याला आपण ‘जागृती’ म्हणतो तिचा बराचसा भाग व्यवस्थित आखलेला होता. मला यात कमीपणा वाटत नाही, उलट जॉन्सनबद्दल आदरच वाटतो. वाईट वाटतं ते फॉसेटबाईंचं. ‘क्रायसिस’च्या साहित्यविभागात बसून ह्यूजची नद्यांवरची कविता १९२१ला छापून आणणारी ही बाई, आणि तिच्याच जेवणात तिला शेवटी चार शब्द बोलायला मिळाले.

‘ऑपॉर्च्युनिटी’ने साहित्यस्पर्धा सुरू केल्या. बक्षिसांसाठी पैसे देणाऱ्यांत एक नाव होतं कॅस्पर होल्स्टीन. सेंट क्रॉय बेटावर जन्मलेला, हार्लेममधल्या आकड्यांच्या जुगाराचा बादशहा! न्यूयॉर्क क्लिअरिंग हाउसच्या, म्हणजे बँकांचे चेक वटवणाऱ्या संस्थेच्या, उलाढालीचे आकडे रोज पेपरात येत, त्यातले ठरलेले अंक म्हणजे त्या दिवशीचा निकाल. आकडा कुणाला फिरवता येत नाही, म्हणून लोकांचा भरवसा. मुंबईचा मटका न्यूयॉर्कच्या कापूसबाजाराच्या ओपन-क्लोजवर सुरू झाला हे आठवलं की धंदा लगेच कळतो. धुणीभांडी करणाऱ्या बायकांनी सेंट-सेंट लावायचे आणि त्यातून कवितेला बक्षीस निघायचं.

आणि दुसऱ्या टोकाला शार्लट ऑस्गुड मेसन. पार्क अॅव्हेन्यूवर राहणारी श्रीमंत गोरी विधवा. झोरा नील हर्स्टन ही कृष्णवर्णीयांच्या लोककथा गोळा करणारी लेखिका. मेसनबाईंनी तिच्याशी डिसेंबर १९२७मध्ये करार केला. महिना २०० डॉलर, गाडी आणि चलच्चित्रांचा कॅमेरा. बदल्यात झोरा जे गोळा करील ते मेसनबाईंच्या मालकीचं, त्यांच्या परवानगीशिवाय छापायचं नाही. स्वतःला ‘गॉडमदर’ म्हणवून घ्यायच्या. झोराला बुटांच्या जोडासाठीसुद्धा पत्र लिहावं लागे. ह्यूजलाही त्या महिना १५० देत.

माझं म्हणणं एवढंच की मटक्याच्या पैशाने कुणाला काही विचारलं नाही. पार्क अॅव्हेन्यूच्या पैशाने विचारलं.

सोडावॉटर

मटकाकिंग आणि कवितेचं बक्षीस! आपल्याकडच्या साहित्य संमेलनवाल्यांना कळवा कुणीतरी. वाचनखूण साठवली.

मिठाचाखडा

लेख आवडला, निष्कर्ष पटला नाही. आश्रयदाता कुठे नव्हता? शाहिरांना पेशव्यांकडून बिदागी मिळायचीच. मेसनबाई नसत्या तर झोरा दक्षिणेत खेड्यापाड्यांत फिरलीच नसती, आणि तो सगळा ऐवज म्हाताऱ्यांबरोबर गेला असता. शिवाय होल्स्टीनला संत करू नका. जुगार तो जुगार.

जुनीवही

@मिठाचाखडा, संत कोण करतंय. १९२८ला गोऱ्या गुंडांनी त्याला खंडणीसाठी पळवून नेलं होतं आणि पुढे जुगारापायी तो तुरुंगातही गेला. धंदा कसला होता हे काही लपलेलं नाही.

फरक आश्रयाच्या अटीत आहे. मेसनबाईंना काळ्या माणसात ‘आदिम’ असं काहीतरी हवं होतं, यंत्रयुगाने न बाटलेलं. शाहिराला बिदागी देणारा ‘तू अमुक प्रकारचाच माणूस राहा’ असं म्हणत नव्हता. ह्यूजने १९३०ला संबंध तोडले आणि पुढे आत्मचरित्रात लिहिलं की मी आफ्रिका नव्हतो, मी शिकागो होतो, कॅन्सस सिटी होतो, ब्रॉडवे आणि हार्लेम होतो. झोरा त्यानंतरही टिकली, कारण तिला संकलन पुरं करायचं होतं. ‘म्यूल्स अँड मेन’ छापून यायला १९३५ उजाडलं.

झोरा हे प्रकरणच वेगळं आहे. मानववंशशास्त्रज्ञ फ्रान्झ बोआससाठी ती हार्लेमच्या रस्त्यात उभी राहून येणाऱ्याजाणाऱ्यांच्या डोक्याची मापं घ्यायची. दुसऱ्या कुणी केलं असतं तर मार खाल्ला असता, हिला लोक हसून डोकं पुढे करायचे.

कट्टेकरी

पैशाचाच विषय आहे तर ‘फायर!!’ हे नियतकालिक राहिलंच की. (उद्गारचिन्हं दोन, मुद्दाम.)

नोव्हेंबर १९२६. वॉलेस थर्मन, ह्यूज, झोरा, चित्रकार अॅरन डग्लस, ब्रूस न्युजंट, ग्वेंडोलिन बेनेट आणि जॉन डेव्हिस यांनी ठरवलं की डु बॉइसही नको, लॉकही नको, आपलं आपण काढू. किंमत एक डॉलर. आत न्युजंटची दोन पुरुषांमधल्या ओढीवरची गोष्ट, थर्मनची एका कोवळ्या मुलीच्या वेश्या होण्यावरची गोष्ट. मुखपृष्ठ डग्लसचं, लाल-काळं. थोरामोठ्यांना हे अजिबात रुचलं नाही. बाल्टिमोरच्या एका कृष्णवर्णीय वृत्तपत्रातल्या समीक्षकाने लिहिलं की ‘फायर’चा पहिला अंक मी आत्ताच आगीत टाकला.

आणि गंमत बघा, न विकलेले गठ्ठे एका इमारतीच्या तळघरात ठेवले होते, तिथे खरोखर आग लागून बरेचसे जळाले. दुसरा अंक निघालाच नाही. छापखान्याचं देणं थर्मनच्या नावावर, ते पुढे काही वर्षं त्याच्या पगारातून कापलं जात होतं. साठच्या दशकातल्या आपल्या अनियतकालिकवाल्यांना हे ओळखीचं वाटेल. निदान त्यांचे पगार तरी कुणी कापले नाहीत.

थर्मन १९३४ला क्षयाने गेला, वय ३२. ज्या धर्मादाय इस्पितळावर त्याने कादंबरी लिहिली होती तिथेच.

हडसनपल्याड

मी जर्सीत राहते. शनिवारी पोरांना घेऊन १३५व्या रस्त्यावरच्या शॉम्बर्ग सेंटरला कधीमधी जाते, त्यामुळे लिहायचा मोह आवरत नाही. त्या काळी ही न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीची साधी शाखा होती. आर्तुरो शॉम्बर्ग नावाच्या पोर्तो रिकोहून आलेल्या माणसाने आयुष्यभर काळ्यांच्या इतिहासाचे कागद, पुस्तकं, चित्रं जमवली होती. १९२६ला कार्नेगी कॉर्पोरेशन या देणगीसंस्थेने दहा हजार डॉलर देऊन तो संग्रह या शाखेसाठी घेतला. कादंबरीकार नेला लार्सन याच शाखेत ग्रंथपाल होती. म्हणजे जुनीवही यांच्या वहीत आणखी एक रकाना, कार्नेगी.

याच शाखेसाठी अॅरन डग्लसने १९३४ला चार मोठी भित्तिचित्रं काढली, सरकारी कला योजनेच्या पैशातून. पुस्तकातल्या छोट्या छापील चित्रावर जाऊ नका. मी शेवटच्या चित्रासमोर जास्त रेंगाळते, ‘साँग ऑफ द टॉवर्स’. सगळ्या आकृत्या सावल्यांसारख्या सपाट, रंग हिरवट-जांभळे, आणि मधून बाहेर पसरत जाणारी प्रकाशाची वर्तुळं. एका प्रचंड दातेरी चाकावर सॅक्सोफोनवाला उभा आहे, हात वर. वर्तुळांच्या अगदी मध्यात, नखाएवढा, स्वातंत्र्यदेवीचा पुतळा. उजवीकडे एक माणूस बॅग घेऊन त्याच चाकावरून धावत वर चढतोय, म्हणजे दक्षिणेतून पळून आलेला. डावीकडे एक जण गळून पडलाय, १९२९नंतरच्या मंदीतला. आधीच्या एका चित्रात मधे गाणारे-नाचणारे आहेत, लोकांना आवडतं तसं, आणि कडेला झुंडीने फासावर दिलेल्या माणसाचे लोंबते पाय आणि खाली रडणारी माणसं. सरकारी पैसा होता तरी डग्लसने ते पाय रंगवलेच.

डग्लस कॅन्सस सिटीत चित्रकला शिकवत होता. ‘सर्व्हे ग्राफिक’चा तो हार्लेम अंक पाहून नोकरी सोडून आला.

सोडावॉटर

@हडसनपल्याड ताई, सरकारी पैसा अटी घालत नव्हता का मग?

हडसनपल्याड

घालत होता ना. १९३६ला हार्लेम हॉस्पिटलमध्ये भित्तिचित्रांचं काम निघालं, चार्ल्स ऑल्स्टन वगैरे मंडळींकडे. इस्पितळाच्या प्रमुखांनी चार आराखडे नाकारले. कारण काय, तर विषय फारच निग्रो आहे, आणि पंचवीस वर्षांनी इथे कदाचित निग्रो राहणारही नाहीत. हार्लेममध्ये! कलाकारांनी बोंबाबोंब केली, पेपरात आलं, शेवटी चित्रं झाली.

टेकडीवरून

हा धागा वर आहे तोवर शिल्पकार ऑगस्टा सॅव्हेजबद्दल लिहून घेते, कारण पैसा नसला की काय होतं त्याचं यापेक्षा ढळढळीत उदाहरण नाही.

फ्लोरिडाची मुलगी, लहानपणी मातीची खेळणी करायची, धर्मोपदेशक बाप त्यासाठी मारायचा. १९२३ला फ्रान्समधल्या फाँतेनब्लोच्या उन्हाळी कलाशाळेसाठी अर्ज केला. निवड समिती अमेरिकन होती. ही काळी आहे हे कळल्यावर नाव काढलं. सॅव्हेज गप्प बसली नाही, वर्तमानपत्रांत गेली. त्याने प्रवेश काही मिळाला नाही, ‘भांडखोर’ असा शिक्का मात्र बसला. पुढे एका रस्त्यावरच्या पोराचं मस्तकशिल्प केलं, टोपी तिरपी, नजर अशी की ‘तुम्ही कोण मला विचारणार’. ते ‘गॅमिन’. त्यावर रोझेनवाल्ड फंड या देणगीसंस्थेची शिष्यवृत्ती मिळून ती शेवटी पॅरिसला गेली. परत आली तोवर मंदी. स्वतःच्या स्टुडिओत तिने वस्तीतल्या पोरांना शिकवलं, १९३७ला हार्लेम कम्युनिटी आर्ट सेंटरची पहिली संचालक झाली.

१९३९च्या न्यूयॉर्क जागतिक मेळ्यासाठी तिला काम मिळालं. जेम्स वेल्डन जॉन्सनच्या ‘लिफ्ट एव्हरी व्हॉइस अँड सिंग’ या गीतावर तिने सोळा फुटी वीणा केली. झगा घातलेले गायक उंचीच्या क्रमाने उभे, ते म्हणजे तारा. खालची बाजू म्हणजे देवाचा हात. पुढे एक गुडघे टेकलेला तरुण. प्लास्टर ऑफ पॅरिसचं काम, वरून काळा रंग. मेळ्यात लोकांनी गर्दी केली, छोट्या धातूच्या प्रतिकृती विकल्या गेल्या. मेळा संपला. ब्राँझमध्ये ओतायला पैसे नाहीत, ठेवायला जागा नाही. बाकीच्या मांडवाबरोबर तीही बुलडोझरखाली गेली.

सॅव्हेज नंतर शहर सोडून सॉगर्टीजला गेली, कोंबड्या पाळल्या, अळिंबीच्या शेतात काम केलं. मला याचा राग येतो आणि तो मी लपवणार नाही.

बोंडवाली

टेकडीवरून, त्याच सॅव्हेजबाईंनी वाढवलेला पोरगा म्हणजे जेकब लॉरेन्स. सरकारी कलाप्रकल्पात त्याचं नाव लागावं म्हणून त्या स्वतः त्याला घेऊन गेल्या. त्याचं वय कमी पडत होतं, तर वर्षभर थांबून पुन्हा नेलं.

मी यवतमाळची, घरी कापूस. त्यामुळे लॉरेन्सची स्थलांतराची मालिका माझ्या जिवाची आहे. छोटे छोटे ६० बोर्ड, १९४०-४१चं काम, पोराचं वय २३. त्याने साठही बोर्ड खोलीत मांडले आणि एक रंग घेतला की तो साठांवर जिथे जिथे हवा तिथे लावला, मग दुसरा. म्हणून आख्ख्या मालिकेत तोच पिवळा, तोच निळा. पहिल्या चित्रात स्टेशनवर गर्दी, तीन दारं, वर पाट्या: शिकागो, न्यूयॉर्क, सेंट लुइस. नवव्या चित्रात कापूस. बोंडं पोखरणारा तो सोंड्या भुंगा आपल्या बोंडअळीपेक्षा वेगळा, पण वावरात उभं राहून बघणाऱ्याला दिसतं ते सारखंच. माणूस कुठंच नाही त्या चित्रात, नुसती झाडं अन् किडे. माझ्या सासऱ्यांना मोबाईलवर दाखवलं तर म्हणाले, ‘हा शेतकऱ्याचाच पोरगा असन.’ तो शहरात वाढलेला होता, आईबाप दक्षिणेतून आलेले. सगळा अभ्यास त्याच १३५व्या रस्त्याच्या लायब्ररीत बसून.

पैशाचं विचाराल तर रोझेनवाल्ड शिष्यवृत्ती, दीड हजार डॉलर. आणि विकली कशी गेली बघा: सम क्रमांकाची चित्रं न्यूयॉर्कच्या मॉडर्न आर्ट म्युझियमने घेतली, विषम वॉशिंग्टनच्या फिलिप्स कलेक्शनने. एका कुटुंबाच्या वाटण्या व्हाव्यात तसं.

मिठाचाखडा

सगळे पैशावर घसरलात, मूळ भांडण बाजूलाच. डु बॉइसने १९२६ला ‘क्रायसिस’मध्ये स्पष्ट लिहिलं की सगळी कला प्रचारच असते आणि असलीच पाहिजे. त्याच वर्षी जूनमध्ये ‘द नेशन’ साप्ताहिकात आधी काळा पत्रकार जॉर्ज स्कायलरने ‘निग्रो कला’ हे थोतांड आहे असं लिहिलं, आणि पुढच्याच आठवड्यात ह्यूजने उत्तर दिलं की आम्ही आमच्या काळ्या अस्तित्वासह, न भिता, न लाजता लिहिणार. गोऱ्यांना आवडलं तर ठीक, नाही तर नाही. आपल्याच लोकांना नाही आवडलं तरी ठीक. यात पैसा कुठे आला?

जुनीवही

शेवटच्या वाक्यात आला की. वाचक कोण होता? क्लॉड मॅकेची ‘होम टू हार्लेम’ ही कादंबरी १९२८ला धडाधड खपली, कारण गोऱ्या वाचकाला हार्लेमची रात्र हवी होती. डु बॉइसने लिहिलं की वाचून अंघोळ करावीशी वाटली. त्याची भीती अशी होती की बाजार आम्हाला फक्त दारू आणि बायांत दाखवतो. हार्लेमच्या कॉटन क्लब या नाइटक्लबमध्ये काय होतं? स्टेजवर जाझवाला ड्यूक एलिंग्टन, टेबलांवर फक्त गोरे. डु बॉइस सोवळा होता हे मान्य, पण बाजार ओळखण्यात तो चुकत नव्हता.

हार्लेमच्या लोकांच्या स्वतःच्या रात्री भाडे-पार्ट्यांत जायच्या. भाड्याची तारीख जवळ आली की घरातलं सामान बाजूला सरकवायचं, पियानोवाला बोलवायचा, दारात थोडे सेंट घ्यायचे, आत तळलेले मासे आणि गावठी दारू. आमंत्रणाची कार्डं छापलेली असत, वर दोन ओळींचं यमक. ह्यूज ती कार्डं जमवायचा.

निळीशाई

एक धागा जोडतो. बाबासाहेब १९१३ ते १९१६ कोलंबियात होते, विद्यापीठ हार्लेमला लागूनच. तेव्हा हा साहित्याचा बहर सुरू व्हायचा होता, त्यामुळे ‘हार्लेमने बाबासाहेब घडवले’ असलं काही मी म्हणणार नाही. पण १९४६ला त्यांनी डु बॉइसना पत्र लिहिलं. निग्रोंच्या प्रश्नाचा मी अभ्यास करत आलोय, तुम्ही लोकांनी संयुक्त राष्ट्रांकडे जो अर्ज केलाय त्याच्या प्रती मिळतील का, अशी विचारणा. डु बॉइसनी उत्तरही दिलं. डु बॉइसचं भारताकडे लक्ष जुनंच, त्यांच्या १९२८च्या ‘डार्क प्रिन्सेस’ कादंबरीची नायिका एक भारतीय राजकन्या आहे.

पुढे मराठीत अमेरिकेत शिकून आलेल्या म. ना. वानखेडे यांनी दलित लेखकांना निग्रो साहित्याकडे बघायला सांगितलं, जनार्दन वाघमारे यांनी त्यावर पुस्तक लिहिलं. १९७२च्या दलित पँथरचं नाव मात्र साठच्या दशकातल्या ओकलंडच्या ब्लॅक पँथर पक्षावरून आलं, हार्लेमवरून नव्हे. हे दोन काळ एकाच पिशवीत कोंबायची सवय वाईट आहे. विसाच्या दशकातल्या हार्लेममध्ये श्रीमंत घरातल्या लग्नांचे थाट होते, डु बॉइसच्या मुलीचं कवी काउंटी कलेनशी लग्न झालं तेव्हा हजारोंची गर्दी लोटली होती. आपल्याकडे असा वर्ग पाठीशी नव्हता. कदाचित म्हणूनच आपलं साहित्य ‘क्रायसिस’पेक्षा ‘फायर!!’च्या जवळचं निघालं.

कट्टेकरी

+१ शेवटच्या वाक्याला.

सोडावॉटर

एवढं वाचून आता सुरुवात कुठून करू ते सांगा. इंग्रजी बेताचं आहे.

जुनीवही

नेला लार्सनची ‘पासिंग’ घ्या, १९२९ची. छोटी आहे, भाषा साधी आहे. गोरी म्हणून खपणारी एक बाई, तिची काळी मैत्रीण, आणि चहाच्या टेबलावर बसलेला पहिलीचा वर्णद्वेष्टा नवरा, ज्याला काहीच माहीत नाही. तो प्रसंग वाचताना पुस्तक खाली ठेवता येत नाही. लार्सन पुढे लेखन सोडून नर्स झाली.

झोराची ‘देअर आइज वेअर वॉचिंग गॉड’ नंतर. तिच्यातले संवाद दक्षिणेच्या बोलीत आहेत, डोळ्यांनी वाचून अडखळाल, मोठ्याने वाचा. काळा लेखक रिचर्ड राइटने १९३७ला तिच्यावर सडकून टीका केली होती की यात ना विषय ना संदेश. तीही वाचा, मिठाचाखडा यांना आवडेल.

मिठाचाखडा

आवडली आहेच. आणि राइटचं सगळंच चूक नव्हतं, पण त्यासाठी नवीन धागा काढतो.